यमू आतेचं पालुपद

मोटारीचा भोंगा वाजला की आमच्या घरात सगळे जिथल्या तिथे थांबायचे. खरंच सांगते, जिथल्या तिथे! कट्टा गावाकडून येणारी प्रवाशांची मोटार आमच्या वाडीच्या फाट्यावर वळायची आणि ड्रायव्हर लांब भोंगा द्यायचा. आई पेज वाढत असली तर तिचा डाव हवेतच राहायचा, अण्णा दाढी करत असले तर अर्ध्या गालावर साबण तसाच, आणि यमू आते नारळ खवत असो की तांदूळ पाखडत असो, तिचे हात थांबायचे. मान मात्र वर यायची नाही. फाट्यावरून आमच्या खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, चालत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिघंही गप्प. मग काही नाही. कोणी आलेलं नसायचं. आई मला म्हणायची, "नले, पेज थंड होता हा," आणि सूप पुन्हा हलायला लागायचं. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं, मोटार आली की थांबायचं असतं, देवळात घंटा वाजली की हात जोडतात तसं.

यमू आते म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. तिला जामसंड्याला दिली होती. नवऱ्याचं किराणा मालाचं दुकान, घरात सासू, धाकटा दीर, दारात दोन माड, म्हणजे तसं बरं घर. ती पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली, मुलगा झाला, आणि बारशाच्या आधीच तो गेला. बारसं झालं नाही म्हणून त्याला नावच नव्हतं. नाव नसलेल्या मुलाबद्दल बोलणार तरी कसं? अण्णांनी फणसाच्या लाकडाचा पाळणा हौसेनं करून घेतला होता, तो माळ्यावर चढवला, आणि त्याच्याबरोबर तो विषयही वर गेला. आता आमच्याकडे रीत अशी की बाळंतपणाला आलेली मुलगी आपल्या पायांनी सासरी परत जात नाही. न्यायला यावं लागतं. नवरा येईल, दीर येईल, कोणीतरी यायचं, गूळपाणी घ्यायचं, पोटभर जेवायचं आणि मग तिची ओटी भरून तिला घेऊन जायचं. कोणी न्यायला न येताच गेली तर सासरच्या उंबऱ्यावरच तिची किंमत गेली म्हणून समजा. आणि रिकाम्या हातांच्या सुनेला न्यायला कोणाला घाई असणार, सांगा! पाऊस संपला की येतील म्हणता म्हणता पाऊस संपला, शिमगा गेला, आंबे उतरले, पुन्हा पाऊस आला. विहिरीवर बाया विचारायच्या, "यमू, न्हेवक खंय इले नाय ते अजून?" आणि आते कळशी कमरेवर घेता घेता म्हणायची, "येतले. उद्यां येतले." हसून म्हणायची! तिचं हसणं बघून विचारणारीच खाली बघायची.

आते गाणी करायची. म्हणजे कागदावर नाही हं, तिला लिहिता येत होतं पण गाण्यांसाठी तिनं कधी पेन्सिल धरली नाही. हाताला काम लागलं की तोंडात गाणं यायचं. जमीन सारवताना एक, काळे वाटाणे निवडताना दुसरं, आणि सारवणाचा हात जसा अर्धगोल जाऊन परत यायचा तशी तिची ओळ जाऊन परत यायची. अण्णा हायस्कुलात मराठी शिकवायचे. घरात आई आणि आते मालवणीत बोलायच्या, अण्णा मात्र घरीसुद्धा पुस्तकातलं बोलायचे, चपला बाहेर काढून ठेवल्या तरी शाळा अंगावर तशीच. त्यांना आतेच्या गाण्यांचा फार राग यायचा असं नाही, पण पाटावर जेवायला बसले की चिमटा काढल्याशिवाय राहायचे नाहीत. "यमू, अगं कविता म्हणजे पुढे सरकली पाहिजे. तू तीच ओळ किती वेळा म्हणतेस? दारिद्र्य आहे हे. दुसरी ओळ सुचत नाही म्हणून पहिलीच पुन्हा."

आते त्यांच्या पानात सांबारं वाढत म्हणाली, "दादा, तुज्या पानात भात कितीदा वाढलंय?"

"दोनदा."

"मगे दुसऱ्यांदा वाढललो भात पयल्यासारखो लागलो? पयल्या वक्ताक भूक होती, दुसऱ्या वक्ताक चव होती. भात तोच."

आई पदर तोंडावर घेऊन हसली आणि अण्णा "वा, वा, हे मात्र सुचतं तुला" म्हणत तिसऱ्यांदा भात घेऊन जेवले. मी पुढे स्वतः मराठीची बाई झाले, ध्रुवपद, पालुपद, पुनरुक्ती हे सगळं फळ्यावर लिहून शिकवलं, पण या भाताइतकं चांगलं मला एकदाही शिकवता आलं नाही. आता हे टाइप करतानाही अंगठे नुसते धावतायत, कारण हे कुणाला तरी सांगायचंच होतं मला, किती वर्षं नुसतं पोटात आहे!

तर ते गाणं. श्रावणात एका दुपारी पडवीत बसून आम्ही दोघी हळदीची पानं पुसत होतो, पातोळ्यांसाठी. ओल्या पानांचा तो वास, बाहेर पाऊस थांबून छपराच्या नळ्यांवरून थेंब गळतायत, आणि आते गुणगुणायला लागली. मी अजून ते तसंच्या तसं म्हणू शकते.

चुलीवयलो भात उतान गेलो,
उद्यां येतले, न्हेवक येतले.
दारातली अबोली सुकान गेली,
उद्यां येतले, न्हेवक येतले.
माळ्यार पाळणो चढान गेलो,
उद्यां येतले, न्हेवक येतले.

एवढंच. तीन कडवी. ती फार सावकाश म्हणत होती, प्रत्येक "येतले" च्या शेवटी श्वास सोडल्यासारखं. मी शाळेत जाणारी शहाणी, मी विचारलं, "आते, खालची ओळ बदलूची नाय?"

"नाय."

"कित्याक?"

तिनं उंबऱ्याकडे बोट केलं. "तो उंबरो हलता काय गो? माणसां येतत, जातत. वयल्या ओळीन येवचा, जावचा. खालचीन थंयच रवाचा. पयल्यांदा म्हणलंय ना, तेव्हा चुलीर भात आसा, घाई आसा, आता येतले म्हणान मी पदर सावरतंय. दुसऱ्यांदा फुलां सुकली. तेव्हा ता खरा वाटना नाय." पुढचं तिनं हातातल्या पानावरून फडकं फिरवत सोडून दिलं. तिसऱ्यांदा काय ते मला कळलं होतं, कारण माझी नजर आपोआप माळ्याकडे गेली होती, आणि तिनं ते बघितलं, आणि एक पान उचलून माझ्या नाकाला लावलं, "वास घे. नी ह्या कोणाक सांगा नको."

मी सांगितलं नाही. शपथेवर. ते बाहेर गेलं ते तिच्याच तोंडून गेलं, आणि का गेलं तेच तर मला सांगायचंय.

त्याच श्रावणात अण्णा जामसंड्याला जाऊन आले. कोणाला न सांगता गेले, सांजचे परत आले ते ओलेचिंब, आणि खळ्यातूनच आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का, चतुर्थी झाली की न्यायला येतो म्हणाले! त्यांच्या आईनं स्वतः सांगितलं. बाळाला पाठवतो म्हणाली." बाळा म्हणजे आतेचा दीर. आतेच्या हातात त्या वेळी शेगडीवरची कढई होती, ती तिनं खाली ठेवली आणि पुन्हा उचलली आणि पुन्हा ठेवली. आईनं तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. त्या दिवसापासून घराचा आवाजच बदलला! अण्णा दाढी करताना शीळ घालायला लागले. आईनं माळ्यावरून आतेची ट्रंक काढली, दोन लुगडी उन्हात घातली, मध्येच पाऊस आला म्हणून धावत आत आणली, परत घातली. आणि मोटारीच्या भोंग्याला कोणी थांबेना. कशाला थांबायचं? येणारच होते. एवढी एकच गोष्ट बघायची होती आम्हाला सगळ्यांना, की आते त्या फाट्यावर आपल्या घरच्या माणसाबरोबर मोटारीत चढते.

चतुर्थी आली. गौरीच्या दिवशी दुपारची जेवणं उरकून बाया आमच्याकडे फुगड्यांना आल्या. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली माटवीची लाकडी चौकट, तिला बांधलेली कवंडळं, तेरडा, सुपाऱ्या, आणि खाली जमिनीवर चटया गुंडाळून जागा केलेली. पुढे होती पारूकाकी. शेजारचीच. अंगानं अशी की फुगडीत तिच्यासमोर उभं राहायला कोणी तयार नसायचं, आणि आवाज, काय सांगू, शंख! फुगडीची रीत अशी की एकीनं ओळ सांगायची आणि रिंगणानं ती उचलायची, सांगणारीची ओळ दोनदा, पालुपद जितकं रंगेल तितक्या वेळा. पारूकाकीची नेहमीची गाणी संपली, सासूची झाली, विहिणीची झाली, आणि ती घाम पुसत म्हणाली, "काय गो यमू, औंदा तुजो शेवटचो खेळ आमच्याबरोबर. फुडल्या वर्सा तू जामसंड्याक गौर नाचवतलंस. एखादा नवीन दी मगे आमका."

आते आधी नाही म्हणाली. मग बाया मागे लागल्या. मग तिनं काय विचार केला ते मी तिच्या चेहऱ्यावर सरळ वाचलं, ती मोकळी होती हो! तिच्या मनानं ते गाणं संपलं होतं. आता ते खरं होणार होतं, म्हणजे आता ते नुसतं गाणं उरलं होतं, कोणालाही द्यावं असं. तिनं म्हटलं. सावकाश, पडवीत म्हटलं होतं तसंच. पाळण्याच्या कडव्याला दोघीतिघींनी डोळे पुसले. आणि मग रिंगणानं ते उचललं.

मला तो क्षण इतका स्पष्ट आठवतो! पहिल्या फेरीला बाया तिच्याच चालीनं म्हणाल्या. दुसऱ्या फेरीला टाळ्या आल्या. टाळी आली की चाल पळते, ती कोणाच्या हातात राहत नाही, पायच ओढून नेतात. "उद्यां येतले!" टाळी. "न्हेवक येतले!" टाळी. पारूकाकी कमरेवर हात ठेवून मान उडवायला लागली, "उद्यां येतले" म्हणताना डोळे मोठे करून दाराकडे बघायची, जसं काही कोणी खरंच येतंय, आणि मग तोंड वाकडं करून परत वळायची. बाया हसून लोळल्या. पोरं बाहेरून ओरडायला लागली. मीसुद्धा हसले, कारण हसू येण्यासारखंच होतं. एकच ओळ एकटी बाई हळू म्हणते तेव्हा ती वाट बघत असते. तीच ओळ वीसेक बाया टाळ्यांवर म्हणायला लागल्या की कोण येणार आणि कोण येत नाही त्याची ती थट्टा होते. एक अक्षर बदललेलं नाही! वर्गात मुलांना मी हे सांगायचे, ओळ परत आली की ती मोठी होते, म्हणजे दुःख असेल तर दुःख मोठं होतं, आणि थट्टा असेल तर थट्टा, आणि कधी कधी एकाचं दुसरं होतं आणि ते करणाऱ्याच्या हातात नसतं. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि पेपरात लिहायची. आते रिंगणात उभी होती, टाळ्या वाजवत होती. तीही हसत होती. पण तिची टाळी थोडी मागे पडत होती.

मग काय, ते गाणं सुटलं! असं पालुपद म्हणजे भोकराच्या फळासारखं चिकट, एकदा जिभेला लागलं की जात नाही. दुसऱ्या दिवशी पोरं पाणंदीत म्हणतायत. कट्ट्याच्या बाजारात कोणी विचारलं, मीठ इला काय, की दुकानदार म्हणायचा, "उद्यां येतला!" आणि चारजण हसायचे. अण्णांच्या वर्गात कोणीतरी फळ्यावर लिहून ठेवलं. अण्णा घरी येऊन जेवताना एवढंच म्हणाले, "तुझी कविता बरीच पुढे सरकली, यमू." त्यांनी ते गमतीनं म्हटलं होतं, पण कोणी हसलं नाही. आणि पारूकाकीची मुलगी सुमन, जी जामसंड्याच्या बाजूला, देवगडाकडे दिली होती आणि माहेरच्या चतुर्थीला आली होती, ती गौरी-गणपती पोचवून सासरी परत गेली. तिनं काही वाईट केलं नाही. लेकी माहेरची गाणी सासरी नेतातच, नारळ-तांदूळ नेतात तशी. ती गेल्यावर आतेनं एकदा आईला विचारलं, "वयनी, सुमनचा घर जामसंड्यापासून किती लांब गो?" आई म्हणाली, "मरांदे ता. थंय कोण गाणी आयकूक बसला."

बाळा भावोजी आले ते सकाळच्या मोटारीनं. खरंच आले! मीच पहिल्यांदा त्यांना बघितलं, धावत आत गेले, "इले, इले!" येतो असा निरोप आदल्या दिवशी आला होता, तेव्हापासून आईनं वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं करायचं ठरवून ठेवलं होतं, खीर चुलीवर होती, आतेनं हिरवं लुगडं नेसून केसांत अबोलीचा वळेसार माळला होता, ट्रंक बांधून दाराआड ठेवली होती. अण्णा पुढे झाले, "या, या बाळासाहेब." आईनं तांब्या आणि गुळाची वाटी बाकड्यावर ठेवली. बाळा भावोजी बसले, पण बाकड्याच्या टोकावर. गुळाकडे त्यांनी बघितलं नाही.

"पाणी नको. माका परतची मोटार धरूक व्हयी."

आई दारातच उभी राहिली. गूळपाणी न घेणारा माणूस न्यायला आलेला नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. अण्णांना कळलं असणारच, पण ते म्हणाले, "अहो, दमून आलात, घोटभर तरी घ्या."

"मास्तर, सरळ सांगतंय. आमच्या दुकानाच्या पायरेर पोरां येवन बसतत. भाऊ तागडी उचलता तेव्हां म्हणतत, उद्यां येतले! गिऱ्हाईक हसता. परवा आमची आवस देवळात गेली तर थंय बायो कुजबुजत होत्यो. भाऊ आता दुकानात बसाक तयार नाय. ह्यां गाणां तुमच्या गावात झाला. तुमच्याच घरात झाला म्हणतत. कोणी केल्यान ता?"

अण्णा घसा खाकरून म्हणाले, आणि मला अजून आठवतं ते वर्गात बोलायच्या आवाजातच म्हणाले, "हे पाहा, फुगडीचं गाणं हे कुणा एकाचं नसतंच. त्याला कर्ता नसतो. लोकवाङ्मय म्हणतात त्याला."

"तुमचा लोकवाङ्मय आमच्याच दारात कित्याक मरता?"

 बाळा भावोजी तसे दुष्ट नव्हते हो. ते घामेजले होते, टोपी हातात घेऊन फिरवत होते, त्यांनाही हे काम नको होतं. ते म्हणाले, "माका वयनीच्या तोंडातसून आयकूचा आसा. ती म्हणात ता मी घराक जावन सांगान."

अण्णांनी माजघराच्या दाराकडे न बघताच हाक मारली. "यमू. सांग त्यांना."

मी आतेच्या शेजारी उभी होते, दाराआड. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो जड होत चालला होता. बाहेर कावळा ओरडत होता, चुलीवरची खीर खाली लागत होती, तिचा वास यायला लागला, पण आई हलली नाही. आतेनं दाराआडूनच पदर सावरला. मग म्हणाली,

"माझा न्हय ता."

"मगे कोणाचा?"

"जुना आसा. आमच्या आवशीच्या वक्ताचा. सगळी म्हणतत."

"नी त्यात पाळणो खंयसून इलो? तो जुनोच?"

हात खांद्यावरून निघाला. "पाळणे सगळ्यांच्या घरात असतत, भावोजी."

 मग बाळा भावोजींनी मोठा श्वास घेतला, वाटीतला गुळाचा एक बारीक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला, वर दोन घोट पाणी घेतलं. आईच्या तोंडून "देवा" असं निघालं. ते उठले, म्हणाले, "बरा झाला. मी भावाक असाच सांगतंय. तेचो राग निवळांदे, मगे येतंव आमी. चार दिसांत येतंव." जेवायला थांबले नाहीत. आईनं वडे केळीच्या पानात बांधून दिले, ते घेतले त्यांनी. आणि त्या दिवशी आमच्या घरात लग्नघरासारखं झालं, काय सांगू! गूळ घेतला, वडे घेतले, स्वतःच्या तोंडानं येतो म्हणाले! अण्णा म्हणाले, "यमू, तू फार शहाणपणानं बोललीस." आते मान हलवत होती. ट्रंक तशीच बांधलेली ठेवली, दाराआड.

ती दिवाळीपर्यंत दाराआड होती. मग आईला झाडायला अडचण व्हायची म्हणून ती सरकवून भिंतीला लावली. मग माळ्यावर नेली. कोणी आलं नाही. अण्णा एकदा परत जाऊन आले, त्या वेळी त्यांना पायरीवरच उभं केलं, आणि ते आले ते सरळ विहिरीवर जाऊन पाय धूत बसले, खूप वेळ. आम्हाला सांगायची गरज पडली नाही. आणि आतेनं पुन्हा गाणं केलं नाही. मी आधी वाट बघायचे, ती सारवायला बसली की मी जवळ जाऊन बसायचे, हात अर्धगोल जायचा, परत यायचा, नुसता शेणाचा सर्र सर्र आवाज. एकदा मी धीर करून म्हटलं, "आते, म्हण मां काय तरी." ती म्हणाली, "माका खंय येतत गाणी, नले. तू शाळेतली म्हण." तिच्या तोंडून ते इतकं साधं निघालं की मला वाटलं, तिनं बाळा भावोजींना जे सांगितलं ते तिला स्वतःलाच खरं वाटायला लागलंय. आता चतुर्थीच्या दिवसांत गावोगाव मंडप घालून फुगड्यांच्या स्पर्धा असतात, माइक, बक्षीस, एकसारखी नऊवारी. त्यात ते गाणं असतं. निवेदन करणारा मुलगा जोरात सांगतो, पारंपरिक फुगडीगीत! एकदा मी उठून जाणार होते त्याच्याकडे. गेले नाही. काय सांगणार? तिनं स्वतःच सांगितलं होतं की ते जुनं आहे.

पुढल्या वर्षीच्या गौरीला बाया आमच्याकडे आल्या. सुमन या वेळी आली नव्हती, तिला दिवस गेले होते. आतेनं पातोळे केले होते, सगळ्यांना वाटले, आणि खेळ सुरू झाला तेव्हा ती माजघरात भांडी लावत होती. पारूकाकीनंच आत जाऊन तिला मनगटाला धरून बाहेर आणलं. पारूकाकीचा जीव होता तिच्यावर, खोटं कशाला बोलू. गाणी झाली, आणि मग एक सून म्हणाली, "काकी, ता येतले-येतलेचा घेवया." पारूकाकीनं पटकन आतेकडे बघितलं. बोलण्यातून मार्ग काढायची सवय होती तिला, ती म्हणाली, "घेवया. पण ता पाळण्याचो कडवो नको गो, सणासुदीक. मनाक कसातरीच होता. मी दुसरो जोडलंय बघ, मजेचो. चलात मां गो, यमू?"

आता विचारायचं कारण काय होतं? तिचं नव्हतं ना ते. सगळ्यांचं होतं.

"चलात," आते म्हणाली. "सणाक तो नकोच."

रिंगण धरलं. भात उतू गेला, टाळी, येतले. अबोली सुकली, टाळी, येतले. आतेची टाळी आता मागे पडत नव्हती, सगळ्यांच्या बरोबर पडत होती. मग पारूकाकीनं मिश्या पुसल्यासारखा हात तोंडावरून फिरवला आणि शंखासारख्या आवाजात सांगितलं, "शेजारचो बोको दूध पिवन गेलो!" बाया फुटल्या हसून. मी आतेकडे बघत होते. रिंगणाची रीत असते, सांगितलेली ओळ दोनदा उचलायची. आतेनं शेजारणीचा हात नीट धरला, पाऊल पुढे टाकलं, आणि बोक्याची ओळ सगळ्यांबरोबर दोनदा म्हटली.